कॉमेंट्रीवाला खोटं कशाला बोलेल?

आमच्या देवळाली कॅम्पने इंग्रजी भाषेला एक शब्द दिलाय, 'डूलाली'. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर इथे पडून असायचे आणि कंटाळून त्यांची डोकी फिरायची. म्हणून डोकं फिरलेला तो डूलाली. गेल्या महिन्यात एका रात्री हातात माइक असताना माझंही तसंच काहीसं झालं.

तर झालं असं. टेनिस बॉलची नाइट टूर्नामेंट, फायनलचा दिवस. नेहमीचा कॉमेंट्रीवाला आजारी पडला आणि पोरांना मी आठवलो. विकेंडला पुण्याहून घरी आलोच होतो. शाळेत असताना गल्लीतल्या मॅचची कॉमेंट्री करायचो, एवढंच आपलं क्वालिफिकेशन! पण लगेच तयार झालो. स्कोअरर शेजारी बसायला आला तर त्याला म्हटलं, तू तिकडे बोर्डापाशी बस, इथलं मी एकटा बघतो. बॉबी तल्यारखान नाही का, १९३०च्या दशकात दिवसभर एकट्याने रेडिओवर बोलायचे. माइक दुसऱ्याशी वाटून घेणं त्यांना मान्यच नव्हतं. हे कुठेतरी वाचलेलं आणि तेव्हा जाम भारी वाटलेलं.

पहिल्या ओव्हरपासूनच माझी गाडी रुळावरून घसरली. एकदा स्कोअर चुकला, एकदा बॅट्समनचं नाव. त्यात दर दोन मिनिटांनी कुणीतरी चिठ्ठी आणून देणार, 'पुढच्या सिक्सला अमक्यांकडून १०० रुपये'. शिवाय मॅच उशिरा सुरू झालेली आणि दहाला भोंगे बंद करायचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपासून हे दहाचं गणित सगळ्यांनाच पाठ आहे. त्यामुळे मी एक डोळा घड्याळावर ठेवून सुसाट सुटलेलो.

शेवटून दुसरी ओव्हर. मी चिठ्ठी वाचत होतो आणि ग्राउंडवरून "अरेरे" ऐकू आलं. मान वर केली तर लाँगऑनला दोन पोरं, दोघांचे टी-शर्ट सारखे, बॉल खाली पडलेला. जे नाव आधी आठवलं ते ठोकून दिलं. वर जोक, "हात आहेत की पिठाची चाळणी!" पब्लिक खदाखदा हसलं. मला वाटलं, चला, रंग भरला.

तो संघ हरला. स्कोअरर बोर्डाकडून पळत येऊन सांगत होता, नाव चुकलं म्हणून. तेवढ्यात दहा वाजले आणि कुणीतरी अँप्लिफायर बंद केला. म्हटलं जाऊ दे, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पीत होतो. तो पोरगा आला. अकरावी-बारावीतला असेल.

"दादा, कॅच माझ्याकडून नव्हता सुटला."

"सॉरी रे. पण सगळ्यांनी बघितलंय ना, तू कशाला टेन्शन घेतोस?"

"बाबांनी नाही बघितलं."

त्याच्या वडिलांची नजर शुगरने गेलीय. घर ग्राउंडच्या मागेच. पोराची मॅच असली की ते ओट्यावर खुर्ची टाकून भोंग्यावर ऐकत बसतात. चहा तसाच ठेवून त्याच्याबरोबर गेलो.

काकांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "रात्री मी त्याला लई बोललो. तो सांगत होता, बाबा, मी नव्हतो. मी म्हटलं, चुकलास तर चुकलास, वर खोटं बोलू नकोस. कॉमेंट्रीवाला खोटं कशाला बोलेल?"

च्यायला... यावर काय बोलणार?

मग तेच बाळ ज. पंडितांबद्दल बोलायला लागले. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले आणि आकाशवाणीवरून मराठीत कॉमेंट्री करायचे. काका कामावर ट्रान्झिस्टर न्यायचे. "तेव्हा डोळे होते, पण मॅच कानांनीच बघायचो. ते म्हणाले चौकार, की चौकार. आपण कुठे बघायला जाणार होतो?"

ऑफिसात चूक झाली तर मागचं व्हर्जन परत आणता येतं. भोंग्यातून गेलेलं कसं आणणार? ग्राउंडवरच्या शेकडो लोकांसाठी माझी बडबड म्हणजे टाइमपास होता. ओट्यावरच्या एका माणसासाठी मात्र तीच मॅच होती. रेडिओवर कॉमेंटेटरच्या शेजारी स्कोअरर का बसतो, ते मला त्या ओट्यावर कळलं. तल्यारखानांची नक्कल करायला निघालो होतो, पण ते चिठ्ठ्या वाचत बसत नसत. त्यांची नजर मैदानावर असायची.

निघताना काकांनी विचारलं, "मग कॅच सोडला कुणी?"

पोराने माझ्याकडे बघितलं. नाव मला आता पक्कं माहीत होतं.

"कळलं नाही काका," म्हटलं. "मी चिठ्ठी वाचत होतो."

असो. पुढच्या वर्षी बोलावलं तर जाईन म्हणतो. स्कोअररला मात्र शेजारीच बसवणार.