बाबांचा फोटो

दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, भिंती विटा-चुन्याच्या. बाबांचा फोटो लावायला बिनवायरचं हॅमर ड्रिल काढलं. हॅमरवर ठेवूनच दाबलं, आणि मूठभर चुना खाली! आई म्हणाली, "ते छिन्नीने हळूहळू भोक पाडून लाकडाची खुंटी बसवायचे रे."

खरंय. अशा भिंतीला ठोका सोसत नाही. हॅमर काँक्रीटसाठी, इथे नुसतं फिरवायचं, आणि मधूनमधून बिट बाहेर काढून भुकटी झटकायची. वीतभर बाजूला तसंच केलं, तर अर्ध्यावर बॅटरीने मान टाकली. वर्षभर माळ्यावर जवळजवळ रिकामीच पडली होती ना! लिथियमची बॅटरी अर्धीअधिक भरून ठेवायची असते, आणि माळ्यावरच्या उकाड्यात तर नाहीच.

चार्ज होईपर्यंत आई फोटो मांडीवर घेऊन बसून राहिली.