दादाला सांगायला हवं

संगमेश्वर

चि. सोनूस,


"बाबांना कळू देऊ नकोस आत्या, छातीत पाणी झालंय एवढंच सांग." काल फोनवर हे बोललीस आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. अगं, शास्त्री नदीच्या पुरात ज्याने घर सावरलं, वहिनीचं आजारपण एकट्याने काढलं, त्याच्यापासून त्याचाच आजार लपवायचा?

रिपोर्टचं विचारलंस. देवरुखला डॉक्टरांसमोर बसून सगळं समजून घेतलं. 'टी' म्हणजे मूळ गाठ. दादाच्या फुफ्फुसातली साडेचार सेंटीमीटर आहे. तीनच्या वर, पाचपर्यंत टी२. 'एन' म्हणजे लसिका ग्रंथी, जखम चिघळली की काखेत अवधाण येतं ना, त्याच. एन२ म्हणजे गाठीच्याच बाजूच्या, पण छातीच्या मध्यभागातल्या ग्रंथींपर्यंत आजार पोचलाय. पलीकडच्या बाजूला गेला असता तर एन३ झालं असतं. आणि एम०, म्हणजे मेंदू, यकृत, हाडं, दुसरं फुफ्फुस, कुठेही पसरलेला दिसत नाही. हे सगळं मिळून स्टेज तीन-ए. आणि तू सांगायला निघालीस ते पाणी! फुफ्फुसाभोवतीच्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर थेट चौथी स्टेज धरतात. नसलेलं दुखणं त्याच्या माथी मारू नकोस.

चारातली तिसरी स्टेज म्हणजे संपलंच, असं तू धरून बसलीस. ही टी-एन-एम पद्धत पिएर दनुआ या फ्रेंच सर्जनने १९४३ ते १९५२ या काळात बसवली, ती आजार कुठवर पोचलाय हे सगळ्या डॉक्टरांनी एकाच भाषेत बोलावं म्हणून. माणसाचे दिवस त्यात लिहिलेले नसतात. तीन-एमध्ये आजार पुरता घालवायच्या इराद्यानेही उपचार करतात. कोणाचं ऑपरेशन होतं, कोणाला केमो आणि रेडिएशन बरोबरीने देतात. ईजीएफआर, एएलके या जनुकांची तपासणी झाली का, ते विचार. त्यात बदल सापडला तर गोळ्यांचाही मार्ग असतो. रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसण्यापेक्षा हे विचारावंस. जेवतेस तरी का वेळेवर?

दादाने बिडी सोडून कित्येक वर्षं झाली. तरी गावात कुणी बोललं की तो मान खाली घालतो. कधी बिडी न ओढलेल्यांनाही हा आजार होतो, हे त्याला कोणी सांगायचं? आधी आजाराचं नाव कळू दे, मग ना! केमो सुरू झाल्यावर ताप आला, धाप लागली, तर ते लगेच कळवायचं असतं. कशाचं औषध चाललंय हेच ठाऊक नसलं तर तो दोन दिवस अंगावर काढेल. तुला स्वभाव माहीत आहे. शिवाय परळला टाटा हॉस्पिटलच्या दारात उभं राहिल्यावर, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या माणसाला काय कळायचं राहणार? संमतीच्या कागदावर सही त्यालाच करायची आहे. रात्री त्याचा खोकला ऐकते तेव्हा वाटतं, याला सारं उमगलंय आणि हा आपल्यालाच जपतोय.

शनिवारी तुतारी एक्स्प्रेसने ये. बायॉप्सीच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक लॅबमधून मागून घे, परळला ते पुन्हा तपासतात. आपण दोघी मिळून त्याला सांगू. त्याला सांगितल्याशिवाय मी त्याला परळला नेऊ देणार नाही.

तुझी,
आत्या