आजोबांचे बोलके घड्याळ

माझ्या आजोबांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. त्यांना काचबिंदू झाला होता. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

दिवाळीत आत्याने त्यांच्यासाठी दोन वस्तू आणल्या. एक छोटी डबी. तिच्या तारा कपाच्या कडेवरून आत सोडायच्या आणि चहा ओतायचा. चहा तारांना टेकला की डबी पीं-पीं वाजते. पूर्वी आजोबा कपात बोट घालून बघत, बोट पोळत असे. आजीने ती डबी गोडेतेलाच्या बरणीला लावली. तेल ओसंडून वाहिले तरी डबी गप्पच! गुरुजी म्हणाले, चहातून वीज वाहते म्हणून डबी वाजते, तेलातून वीज वाहत नाही. आजी अजून डबीला नावे ठेवते.

दुसरी वस्तू बोलके घड्याळ. बटन दाबले की आतली बाई हिंदीत वेळ सांगते. आजोबा तिला बाईसाहेब म्हणतात.

वडिलांच्या मोबाईलवर रिझर्व्ह बँकेचे 'मनी' ॲपपण आहे. ते २०२० साली निघाले. नोट समोर धरली की किती रुपयांची ते बोलून सांगते. खरी की खोटी ते मात्र सांगत नाही.

मित्रांनो, एकदा आम्ही पोरे रात्री ओढ्यावर खेकडे धरायला गेलो. माझ्या बॅटरीचे सेल संपले होते. मी गुपचूप घड्याळातले दोन सेल काढले. सकाळी परत बसवीन म्हटले.

रात्री आजोबांनी बटन दाबले. आवाज नाही. पुन्हा दाबले. टक, टक. मग हळूच म्हणाले, "बाळ्या, किती वाजलं रं?" मी जागा होतो. पण चोरी कळेल म्हणून घोरायचे सोंग केले.

त्यांना सकाळी सहाच्या एस.टी.ने तालुक्याला जायचे होते. गाडी चुकेल म्हणून ते पिशवी घेऊन ओट्यावर जाऊन बसले. आई चारला उठली तेव्हा ते गारठले होते. कधीपासून बसलात म्हणून विचारले, तर त्यांनाही माहीत नव्हते.

मी रडत रडत सगळे सांगितले. आईने दोन धपाटे घातले. आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सेल घेतलंस ते घेतलंस. इचारल्यावर टाइम तरी सांगायचास."

सेल मी लगेच बसवले. पण आता मी शेजारी असलो तरी आजोबा मला वेळ विचारत नाहीत. बाईसाहेबांनाच विचारतात.

— इयत्ता ७ वी