बंड्या तोच कशावरून?

विमा कंपनीचं पत्र मी फाडलेलं नाही. कुणी विम्याचा विषय काढला की तेच पुढे करते. शस्त्रक्रिया झालेला कुत्रा आणि विमा उतरवलेला कुत्रा एकच, हे म्हणे सिद्ध होत नाही!

बंड्या आमचा काळा लॅब्रॅडोर. मे महिन्यात त्याने आंब्याची अख्खी कोय गिळली. उलट्या, सोनोग्राफी, आतडं उघडून कोय बाहेर. कुत्रेवाल्यांना यात नवीन काही नाही.

त्याच्या मानेत कातडीखाली मायक्रोचिप आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. तिचा १५ आकडी नंबर पॉलिसीवर छापलेला. दवाखान्याच्या बिलावर मात्र नुसतं ‘बंड्या, लॅब, काळा, नर’. झालं, क्लेम अडकला. डॉक्टरांनी स्कॅनर फिरवून नंबरासकट सहीशिक्क्याचं पत्र दिलं. उत्तर आलं, हे पत्र ऑपरेशननंतरचं आहे. मग टाके काय शेजारच्या कुत्र्याच्या पोटावर आहेत? फोनवर म्हटलं, माणूस पाठवा, टाके बघून जा. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘‘मॅडम, तशी प्रोसिजर नाही.’’ हप्ता घेताना याच काळ्या कुत्र्याचे समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो मागवले होते. तेव्हा बरी ओळख पटली!

डॉक्टर म्हणाले, ‘‘ताई, विम्याचं नंतर बघू. आधी त्याला ‘सोड’ शिकवा.’’ तोंडातली वस्तू हिसकायला धावलं की कुत्रा घाईघाईने गिळूनच टाकतो. आमचे सासरे नेमके तसेच धावले होते. त्याऐवजी नाकासमोर चिकनचा तुकडा धरायचा, जबडा उघडला की ‘सोड’ म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. वस्तू धोक्याची नसेल तर तीही परत द्यायची, म्हणजे सोडण्यात आपलं नुकसान नाही हे त्याला कळतं. सुरुवात खेळण्यापासून करायची, मारायचं नाही आणि घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. आमच्याकडे सासरे ‘टाक’, मुलगा ‘ड्रॉप’ आणि मी ‘अरे मेल्या’. कुत्र्याने ऐकायचं कुणाचं? आता बंड्या पायमोजे सोडतो. आंब्याचा भरवसा नाही, म्हणून सालींच्या बादलीला झाकण आलंय.

पुन्हा विम्याच्या वाटेला जायचं नाही, असं ठणकावून सांगणारी मी, यंदा पॉलिसी रिन्यू करून बसले आहे. बंड्या उद्या सोसायटीत कुणाला चावला, तर त्या भरपाईचं कलम तीत आहे. डॉक्टरांनीच ते बोट ठेवून दाखवलं. लसीकरणाची अट आणि सुरुवातीचा प्रतीक्षा काळही त्यांनीच वाचायला लावला. एजंटने यातलं काही सांगितलं नव्हतं.

कंपनीकडे लेखी तक्रार करूनही दाद लागली नाही, तर नकारानंतर वर्षभरात विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, माझा अर्ज तिथे आहे. तुम्ही मात्र ही वेळ येऊ देऊ नका. दवाखान्यातून निघण्याआधी प्रत्येक बिलावर चिपचा नंबर लिहून घ्या.