बेमेळ रस्त्याच्या बाजूने

रस्त्याचं सौंदर्य म्हणजे एकसारखेपणा, असं मी बरीच वर्षं मानत आलो. एडिंबराच्या न्यू टाउनमध्ये फिरताना ते पटतंच: सारख्या उंचीचे मजले, एका रेषेतल्या खिडक्या, एकाच जातीचा दगड. आर्गाइलमधलं इन्व्हरेरी तर तिथल्या ड्यूकने जुनं गाव उठवून नव्याने आखून घेतलेलं. पांढऱ्या भिंती, काळ्या चौकटी, कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्या फूटपट्टीने मोजली तर लिनलिथगोची हाय स्ट्रीट नापास होती. एडिंबरा आणि ग्लासगोच्या मधलं हे छोटं शहर; स्कॉटलंडची मेरी राणी 1542 मध्ये इथल्या राजवाड्यात जन्मली. कुणी विचारलं तर मी सांगायचो, राजवाडा बघा, रस्ता सोडा.

कारण रस्त्यावर कशाचा कशाला मेळ नाही. हॅमिल्टन लँड्स ही सोळाव्या शतकातली घरं रस्त्याकडे कूस करून उभी, माथ्याचा त्रिकोण पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलेला. चौकात 1668 ते 1670 मध्ये बांधलेलं टाउन हाउस; ते 1847 च्या आगीत होरपळलं, पुन्हा उभं राहिलं आणि त्याचा आजचा दुहेरी जिना थेट 1907 चा. समोरची नक्षीदार क्रॉस वेल जुनी भासते, पण ती आधीच्या कारंज्याची 1807 मधली प्रतिकृती आहे. ती घडवणारा रॉबर्ट ग्रे हा पाथरवट एका हाताचा होता. पुढे व्हिक्टोरियन दुकानं, बँकेला शोभेलसे दर्शनी भाग, मध्येच चुन्याच्या खडबडीत गिलाव्याचं साधं घर. आणि या रांगेत अंग चोरून बसलेलं सेंट पीटर्स चर्च: 1928 मधलं, चक्क बायझंटाइन घाटाचं!

माझं मत बदललं ते या घरांच्या तोंडाकडे बघून नव्हे, पाठीकडे बघून. अ‍ॅनेट हाउस या अठराव्या शतकातल्या घरामागची बाग पाहिली तर घराएवढीच अरुंद, पण चढावर लांबच लांब गेलेली. अशा पट्टीला स्कॉटलंडमध्ये ‘रिग’ म्हणतात. राजाच्या सनदेने वसलेल्या शहरांत मध्ययुगात जमीन अशीच वाटली जाई. बाजाराकडे तोंड प्रत्येकालाच हवं, म्हणून दर्शनी रुंदी बेताची. परसू, गोठा, कारागिरी सगळं मागे. वरची घरं पडली, जळली, नव्याने बांधली गेली. जमिनीतल्या हद्दी मात्र सहजी हलत नाहीत, कारण पलीकडे शेजारी असतो आणि तो एक वीतही सोडत नाही.

हे ध्यानात आल्यावर रस्ता वेगळाच दिसू लागला. हॅमिल्टन लँड्सची कूस रस्त्याकडे का, तर रुंदी कमी आणि खोली जास्त. सेंट पीटर्स खुपत का नाही, तर घुमटासकट ते दोन शेजाऱ्यांच्या मधल्या जागेत मावलंय. पंगतीत कुणी सोवळ्यात, कुणी सुटाबुटात बसला तरी पाट सगळ्यांना सारखाच, तसा हा प्रकार.

सेंट मायकल्स चर्चच्या मनोऱ्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा मुकुट तर मला अजिबात सोसायचा नाही. चर्च हाय स्ट्रीटवर नाही, राजवाड्याला लागून आहे. पण तो टोकदार मुकुट सगळ्या छपरांवरून डोकावतो. जेफ्री क्लार्क या शिल्पकाराचं हे 1964 मधलं काम. पूर्वी तिथे दगडी मुकुट होता. त्याचं ओझं इमारतीला पेलवेना, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उतरवला. म्हणजे अडचण वजनाची होती, आणि हलका सांगाडा व त्यावर धातूचा पत्रा हे तिला दिलेलं सरळ उत्तर होतं. दगडाचा आव आणणारी नक्कल बसवली असती तर मला आधी आवडली असती. आता आवडणार नाही.

इतकं पुढे आल्यावर व्हेनेलचंही कौतुक करावं, असं काही मित्र म्हणतात. चौकाजवळची जुनी घरं पाडून 1960 च्या दशकात तिथे फ्लॅट, दुकानं, वाचनालय असा सलग प्रकल्प उभा राहिला. त्याला सॉल्टायर सोसायटीचा पुरस्कारही मिळाला. पूर्वी मी त्याला काँक्रीटसाठी नावं ठेवायचो. तो आक्षेप मागे घेतो. सायंकाळी खिडकीतून तलाव दिसणाऱ्या त्या घरांत राहणाऱ्यांचं सुखही मला मान्य आहे. पण तिथे कित्येक पट्ट्या एकत्र करून एकच मोठा तुकडा केला गेला, आणि त्या जागी चालताना दारांमागून दारं येण्याची लय तुटते. तेव्हा माझा निकाल असा: काँक्रीट माफ, रुंदी नाही. उद्या तिथे नवं बांधकाम करायचं ठरलंच, तर सोळाव्या शतकाचं सोंग घेऊ नये. आधी जुन्या पट्ट्या आखाव्यात आणि प्रत्येक पट्टी वेगळ्या वास्तुविशारदाला द्यावी.