दात मोजताना

अण्णांच्या काळ्या सायकलच्या चेनव्हीलला 44 दात होते. पहिल्या दाताला खडूची खूण करून मी ते मोजले होते. सायकल चालवायला मिळत नसे, पण दर रविवारी पुसायला मिळे. चेनकव्हर उघडून तेल घालायचं, मडगार्ड चमकवायचं आणि दात मोजायचे. मागच्या फ्रीव्हीलला 18. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, हा माझा त्रैराशिकाचा पहिला धडा. पुढे नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो. चढ लागला की अण्णा म्हणत, "उतर रे, गुडघ्यांना कशाला शिक्षा?" मग सायकल हातात धरून आम्ही दोघं चालत वर जात असू. चढाला उतरण्यात तेव्हा कुणाला कमीपणा वाटत नसे.

कॉलेजात असताना मावसभावाची जुनी गिअरची सायकल मिळाली. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण मला सवयच ती. पुढे 42, 34 आणि 24 अशी तीन चक्रं, मागे 14 ते 28 दातांची सात. तीन साती एकवीस! कुणी विचारलं की मी "एकवीस गिअर" असं म्हणायचो, जणू एकवीस एकर बागायत आहे.

एका पावसाळ्यात हे ऐश्वर्य उघडं पडलं. पानशेतच्या बाजूला डांबर सोडून एका कच्च्या वाटेला लागलो होतो. अचानक उभा चढ आला. घाईघाईने पुढचा गिअर उतरवला आणि चेन पडली. नुसती पडली नाही, तर लहान चक्र आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत जाऊन रुतली. चिखलात बसून काडीने ती उपसताना एक गोष्ट कळली. मागचा गिअर बदलतो तो चेनच्या खालच्या, सैल भागावर. पुढच्याला मात्र वरचा, पायाच्या जोराने ताणलेला भाग ढकलावा लागतो. म्हणजे त्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तो सगळ्यात अडचणीत असतो.

त्या रात्री वही घेऊन बसलो. 24 भागिले 14 म्हणजे 1.71. 34 भागिले 20 म्हणजे 1.7. 42 भागिले 24 म्हणजे 1.75. तीन वेगळे गिअर, पण पायाला तिन्ही सारखेच. शिवाय मोठ्याला मोठं, लहानाला लहान अशा जोड्यांत चेन तिरकी होऊन घासते, त्या वापरायच्याच नसतात. सगळी वजाबाकी झाल्यावर माझ्या एकवीस एकरांत जेमतेम डझनभर वाफे उरले.

गंमत म्हणजे एकेकाळी गिअर असणं हाच दुबळेपणा मानला जाई. 'टूर द फ्रान्स'मध्ये चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेला 1937 साली परवानगी मिळाली. तोवर स्पर्धक घाटाखाली उतरून मागचं चाक उलटं बसवत, कारण दुसऱ्या बाजूला चढाचं चक्र असे. मग पुढच्या चक्रांचे एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. 2012 मध्ये स्रॅम कंपनीने माउंटन बाइकसाठी पुढे एकच चेनरिंग आणि मागे 10 ते 42 दातांच्या अकरा चकत्या अशी जोडणी आणली. या चेनरिंगचे दात आळीपाळीने जाड आणि बारीक असतात. चेनची एक कडी रुंद आणि पुढची अरुंद असते. जाड दात रुंद कडीत घट्ट बसतो. मागे क्लच असतो, तो चेन हिसडू देत नाही. दगडधोंड्यांतून गेलं तरी चेन सहसा जागची हलत नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर डांबरावरही चालेल आणि मातीतही जाईल अशी सायकल बांधायला घेतली, तेव्हा पुढे एकच चक्र हे आधीच ठरलं होतं. प्रश्न होता किती दातांचं. मागे 11 ते 42 घेतलं होतं. मी ऐटीत म्हणालो, "चाळीस टाक."

दुकानातल्या पोराने माझ्या पायांकडे पाहिलं. "काका, सिंहगडाला जाता ना?"

"जातो की."

"मग छत्तीस घ्या. उतारावर कुणाला हरवायचंय?"

घरी येऊन पुन्हा वही काढली. 36 भागिले 42 म्हणजे 0.857. जुन्या सायकलचा सर्वांत हलका गिअर 24 भागिले 28, तोही 0.857! आताचं चाक थोडं मोठं असल्यामुळे पायाला किंचित जड, एवढंच. वरच्या टोकाला तर 36 भागिले 11 म्हणजे 3.27, जुना जेमतेम 3. एका चक्राने तिन्ही चक्रांचा पल्ला गाठला होता.

फुकट मात्र काही मिळत नाही. मागच्या दोन चकत्यांमधली उडी मोठी झाली. 13 वरून 11 वर गेलं की गिअर एकदम 18 टक्क्यांनी जड होतो. सपाट रस्त्यावर समोरून वारा असला की एक गिअर जड वाटतो, दुसरा हलका, आणि मधला सापडत नाही. ताशी चाळीसच्या पुढे पाय नुसतेच फिरतात. कायम डांबरावर, गटातल्या वेगवान मंडळींच्या मागे धावणाऱ्याने पुढे दोन चक्रंच घ्यावीत. पण ज्याची वाट मध्येच डांबर सोडते, त्याने एकच घ्यावं. आणि तेही सपाटीवरच्या वेगावरून न ठरवता, परतीच्या वाटेवर पाय दमलेले असताना येणाऱ्या शेवटच्या चढावरून ठरवावं.

परवा खडकवासल्याहून परतताना लक्षात आलं, सपाटीला लागलो की माझी चेन न सांगता एकाच चकतीवर जाऊन बसते. थांबून दात मोजले. पंधरा. 36 भागिले 15 म्हणजे 2.4.

अण्णांचा 44 भागिले 18 म्हणजे 2.44 होता.