टेलवरच्या फोनची पाळी

“रेंज तर फुल दाखवायली, मग फोटो काहून जाईना?” मिरचीचा मोसम, धर्माबादचा मोंढा गच्च भरलेला, आणि बाबा ढिगापाशी फोन धरून उभे. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. मला सांगता यायला हवं होतं. आलं नाही. म्हणून प्रोजेक्टला हाच विषय घेतला: एका टॉवरवरच्या अनेक फोनांत लहरींची वाटणी.

पहिल्यांदा कळलं ते हे, की दांड्या फक्त सिग्नलचा जोर सांगतात, वाट्याला किती येणार ते नाही. १० मेगाहर्ट्झच्या फोर-जी पट्ट्याचे तुकडे पडतात ५०, एकेक १८० किलोहर्ट्झचा. तेवढ्यात सगळा मोंढा बसवायचा.

आमच्याकडं वाटणी म्हटलं की गोदावरीच्या पाण्याची, बाभळीचा बंधारा. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे. टॉवरही असंच एकदा ठरवून मोकळा होत असेल, असं मी धरून चालले होते. तो सेकंदाला हजार वेळा नव्यानं वाटतो हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसले.

मग दोनच फोन घेऊन गणित मांडलं. एक टॉवरखालचा, वेग १०. दुसरा गोदाकाठी मामांच्या शेतातला, वेग १. कार्यक्षम म्हणजे एकूण वेग जास्तीत जास्त, असं लिहून प्रोग्रॅम चालवला. एकूण १० आले, मामांना शून्य. उत्तर बरोबर होतं, त्याचाच त्रास झाला. कालव्याच्या टेलचं शेत कोरडं ठेवूनही हिशोब चोख येतो!

शेजपाळीसारखी आळीपाळी लावली: ५ आणि अर्धा. सरांनी ‘प्रपोर्शनल फेअर’ सुचवलं. आत्ता मिळू शकणारा वेग भागिले आजवरची सरासरी. ज्याचा भागाकार मोठा, त्याची पाळी. चालवलं. पुन्हा ५ आणि अर्धा. दोन दिवस चूक शोधली.

प्रोग्रॅम ठीक होता. मी वेग स्थिर धरले होते. खऱ्या लहरी भिंतींवर, पत्र्यांवर आपटून येतात. कुठं जुळतात, कुठं एकमेकींना खोडतात. १८०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम १७ सेंटिमीटर लांब. फोन चार बोटं सरकला तरी चढाचा उतार होतो. मग टॉवरखालचा १५ आणि ५ मध्ये, मामांचा दीड आणि अर्ध्यामध्ये हलवला, एकाचा चढ तेव्हा दुसऱ्याचा उतार. आता ज्यानं त्यानं आपापल्या चढावर पाळी घेतली: साडेसात आणि पाऊण. दोघांचंही दीडपट, कुणाचं काही न काढता. मी तीनदा चालवून पाहिलं.

पण मामा तर बांधावर लिंबाखाली एकाच जागी बसून फोन करतात. लहर हललीच नाही, तर त्यांचा चढ यायचा कधी? विश्वनाथ, त्से आणि लारोइया यांनी २००२ मध्ये यावर लिहिलंय: टॉवरच्या अँटेनांमधली शक्ती मुद्दाम कमीजास्त करायची, म्हणजे बसल्या जागीही चढउतार येतात. त्या लेखाच्या तिसऱ्या पानावर मी परवापासून अडकले आहे.